भारतीय नौदलातील युद्धनौकांचे नामकरण

भारतीय नौदलातील युद्धनौकांचे नामकरण ही नौदलात दाखल होणारी प्रत्येक युद्धनौका, पाणबुडी आणि किनारी तळ यांना नाव देण्याची प्रस्थापित पद्धती होय. विमानवाहू नौकांना पराक्रमवाचक विशेषणे, विनाशिकांना नगरांची वा योद्ध्यांची नावे, फ्रिगेटांना पर्वत, नद्या व शस्त्रे, तर पाणबुड्यांना प्रामुख्याने जलचरांची नावे देण्याचा संकेत गेल्या सात दशकांत रूढ झाला आहे. हा संकेत लवचीक असून त्याला अनेक अपवाद आहेत. मात्र सेवानिवृत्त अथवा बुडालेल्या नौकेचे नाव नव्या नौकेला पुन्हा देणे, हा त्यातील सर्वांत स्थिर भाग मानता येईल.

नौदलातील नौकेच्या नावापूर्वी 'आयएनएस' हा उपसर्ग लावतात. तो 'इंडियन नेव्हल शिप' या शब्दांचा संक्षेप असून देवनागरीत त्याऐवजी 'भा. नौ. पो.' म्हणजे 'भारतीय नौसेना पोत' असेही लिहिले जाते. बांधणी चालू असताना नौकेला हा उपसर्ग मिळत नाही. तोवर ती गोदीतील क्रमांकाने ओळखली जाते. उदाहरणार्थ, विशाखापट्टणम ही विनाशिका माझगाव गोदीत 'यार्ड १२७०४' होती. जलावतरणाच्या वेळी नाव जाहीरपणे उच्चारले जाते आणि नौदलात दाखल होण्याच्या समारंभानंतर त्याला उपसर्ग जोडला जातो. जलावतरण स्त्रीच्या हस्ते करण्याची आणि त्या वेळी नौकेवर नारळ फोडण्याची प्रथा आहे. पाश्चात्य देशांत याच प्रसंगी मद्याची बाटली फोडतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणाऱ्या कोकण किनाऱ्यावरील वाचकाला यातील आपलेपणा वेगळा सांगावा लागणार नाही.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीतील आरमारात नौकांची नावे राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ठेवली जात. रॉयल इंडियन नेव्हीच्या ताफ्यात क्लाइव्ह, लॉरेन्स आणि कॉर्नवॉलिस या नावांच्या नौका होत्या. ज्यांनी हा देश जिंकला त्यांची नावे याच देशातील खलाशी आपल्या टोपीवर वागवीत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र सतलज, जमना, किस्तना, कावेरी, नर्बदा आणि गोदावरी अशी नद्यांची नावे असलेल्या नौका दाखल झाल्या. त्यांची वर्णलेखनेही इंग्रजी वळणाचीच होती. स्वातंत्र्यानंतर 'किस्तना'ची कृष्णा आणि 'जमना'ची जमुना झाली.

याच काळातील एक नाव मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात नसते. ब्रिटिश नौदलाच्या 'मार्क्समन' या नियोजित विनाशिकेचे नाव १९४२ मध्ये बदलून 'मराठा' असे ठेवण्यात आले. उत्तर ध्रुवीय समुद्रातून रशियाकडे जाणाऱ्या मालवाहू ताफ्याचे संरक्षण करीत असता २५ फेब्रुवारी १९४४ रोजी जर्मन पाणबुडीने तिला बुडविले. गोठलेल्या पाण्यात फारच थोडे नाविक वाचले.

फाळणीच्या वेळी फौजफाट्याबरोबर नौकांचीही वाटणी झाली. नद्यांच्या नावांच्या सहा नौकांपैकी चार भारताकडे राहिल्या आणि नर्बदा व गोदावरी या दोन पाकिस्तानला मिळाल्या. पाकिस्तानने नर्बदाचे 'झेलम' आणि गोदावरीचे 'सिंध' असे नामांतर केले. नौका गेल्या, तरी नावे इकडेच उरली. १९५३ मध्ये ब्रिटनकडून उसन्या घेतलेल्या तीन विनाशिकांना गोदावरी, गोमती आणि गंगा ही नावे देण्यात आली. पुढे भारतीय आराखड्यानुसार बांधलेली फ्रिगेट १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात आली, तेव्हा तिचेही नाव गोदावरीच ठेवले गेले आणि तिच्या भगिनी नौकाही पुन्हा गोमती व गंगा झाल्या. त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या या नदीचे नाव अशा रीतीने तीन वेगवेगळ्या सांगाड्यांवर वावरले.

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि आरमाराच्या नावातील 'रॉयल' हा शब्द गळाला. त्याच दिवसापासून नौकांच्या नावांपुढे 'आयएनएस' हा उपसर्ग आला.

कार्यपद्धती

नावांचा विचार नौदल मुख्यालयातील अंतर्गत नामकरण समिती करते. नौकेचा प्रकार, तिच्या वर्गातील इतर नावे आणि पूर्वी ते नाव धारण केलेल्या नौकेची कामगिरी या गोष्टी प्रामुख्याने लक्षात घेतल्या जातात. नावाबरोबरच प्रत्येक नौकेला स्वतःचे बोधचिन्ह आणि ब्रीदवाक्य असते. ब्रीदवाक्ये बहुधा संस्कृत ग्रंथांतून घेतलेली असतात.

प्रकारानुसार संकेत

एकाच आराखड्यानुसार बांधलेल्या नौकांच्या समूहाला 'वर्ग' म्हणतात आणि पहिल्या नौकेचे नाव त्या वर्गाला मिळते. वर्गातील सर्व नावांत एखादे साम्य राखण्याकडे नौदलाचा कल असतो. हे साम्य पुष्कळदा आद्याक्षराचे असते. १९८० पासून सोव्हिएत संघाकडून आलेल्या विनाशिका राजपूत, राणा, रणजित, रणवीर आणि रणविजय अशा होत्या. शिवालिक, सातपुडा व सह्याद्री या तीन फ्रिगेटांत 'स' आणि 'श' यांना रोमन लिपीतील एकाच अक्षराखाली आणलेले दिसते. म्हणजे संकेताचे अक्षर देवनागरी नसून रोमन आहे. नावे भारतीय आणि त्यांची वर्गवारी इंग्रजी वर्णमालेनुसार, ही विसंगती वाचकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

कधी साम्य शेवटच्या पदाचे असते. माझगाव गोदीत बांधलेली पहिली नीलगिरी १९७२ मध्ये दाखल झाली. तिच्या पाठोपाठ हिमगिरी, उदयगिरी, दूनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी आल्या. 'दुर्ग' वर्गात विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि होसदुर्ग होत्या. रशियन बनावटीच्या पाणबुड्यांत सिंधुघोष, सिंधुराज, सिंधुकीर्ती, सिंधुरक्षक अशी 'सिंधु' या पूर्वपदाची माळच आहे. येथे 'सिंधु' म्हणजे समुद्र.

शस्त्रांची नावे फ्रिगेट आणि कॉर्व्हेट या दोन्ही प्रकारांत आढळतात. तलवार, त्रिशूल, तबर, तेग, तर्कश, त्रिकांड, तुशील आणि तमाल या फ्रिगेटा 'त'च्या, तर खुकरी, कुठार, कृपाण, खंजर, कोरा, किर्च, कुलिश आणि कार्मुक ही कॉर्व्हेटांची नावे रोमन 'के'ची. क्षेपणास्त्रवाहू छोट्या नौकांना वीर, निपात, निर्घात, विनाश, विद्युत यांसारखी आघातसूचक नावे दिली गेली. त्यांतील पहिल्या पिढीच्या निपात, निर्घात व वीर यांनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो.

फौजा किनाऱ्यावर उतरविणाऱ्या नौकांना मगर, घडियाल, शार्दूल, केसरी, ऐरावत अशी प्राण्यांची नावे आहेत. पूर्वी याच प्रकारात 'घोरपड' नावाची नौका होती. ताफ्यातील बहुसंख्य नावे संस्कृत किंवा हिंदी वळणाची असताना हा अस्सल मराठी शब्द तेथे कसा पोहोचला, याचे कौतुक वाटते. सुरुंगविरोधी नौकांना किनाऱ्यावरील गावांची नावे देत. रत्नागिरी, कारवार, भावनगर, काकिनाडा, कोळीकोड व कोकण ही त्यांपैकी काही होत. इंधनपुरवठा करणाऱ्या दीपक, शक्ती, ज्योती व आदित्य या नौकांच्या नावांत तेज आणि ऊर्जा यांचा भाव आहे.

पहिली भारतीय पाणबुडी कलवरी ८ डिसेंबर १९६७ रोजी दाखल झाली. कलवरी हे व्याघ्र जातीच्या शार्क माशाचे मल्याळम नाव आहे. तिच्या जोडीची खांदेरी मात्र माशाच्या नावाची नसून अलिबागजवळील थळच्या समुद्रातल्या किल्ल्याची आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांचा विरोध पत्करून हा किल्ला बांधावयास घेतला. पुढे त्या बेटाचे अधिकृत नाव कान्होजी आंग्रे बेट असे करण्यात आले. जुने नाव पाणबुडीने जपले.

नावांचे पुनरुज्जीवन

जगातील बहुतेक जुन्या नौदलांत नावे पुन्हा वापरली जातात. भारतीय नौदलात या प्रथेला विशेष वजन आहे, कारण ताफा तरुण असल्याने प्रत्येक नावामागील इतिहास अजून जिवंत माणसांच्या आठवणीत आहे. लोखंडी सांगाडा तीस-चाळीस वर्षांत भंगारात जातो. नाव मात्र नौदलाच्या मालकीचे राहते आणि पुढच्या पिढीच्या नाविकांकडे सोपविले जाते. या प्रथेचा अर्थ खुकरीच्या उदाहरणाने सर्वाधिक स्पष्ट होतो.

पहिली खुकरी ही ब्रिटिश बनावटीची पाणबुडीविरोधी फ्रिगेट होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीव बेटाजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला आणि ती काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी व १७६ नाविक मृत्युमुखी पडले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी शक्य तितक्या सहकाऱ्यांना नौका सोडण्यास लावले आणि स्वतः नौकेबरोबर जलसमाधी घेतली. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. स्वतंत्र भारताने युद्धात शत्रूच्या हल्ल्यामुळे गमावलेली ही एकमेव युद्धनौका होय.

बुडालेल्या नौकेचे नाव अशुभ समजून बाजूला ठेवणे माणसाच्या स्वभावाला धरून झाले असते. नौदलाने तसे केले नाही. माझगाव गोदीत बांधलेल्या नव्या कॉर्व्हेटला खुकरी हेच नाव दिले गेले आणि ती २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात आली. तिच्या नावाने वर्गही ओळखला जाऊ लागला. बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२१ मध्ये ती निवृत्त झाली आणि संग्रहालयासाठी दीवच्या प्रशासनाकडे सोपविण्यात आली. पहिली खुकरी ज्या किनाऱ्यापासून जवळ तळाशी गेली, त्याच किनाऱ्यावर दुसरी खुकरी विसावली आहे. दुसऱ्या बाजूची नोंदही येथे करावयास हवी. चीनच्या सहकार्याने बांधल्या जाणाऱ्या नव्या पाणबुड्यांच्या वर्गाला पाकिस्तानने हंगोर असे नाव दिले आहे. एकाच रात्रीची दोन नावे दोन देशांनी आपापल्या परीने सांभाळली आहेत.

विक्रांतचा प्रवास अधिक परिचित आहे. ब्रिटनमध्ये 'हर्क्युलिस' या नावाने अर्धवट राहिलेली विमानवाहू नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत ती विक्रांत म्हणून दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी बंगालच्या उपसागरात कामगिरी केली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली व २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. हजारो शालेय विद्यार्थ्यांनी तिच्या डेकवर पाऊल ठेवले. देखभाल परवडेना, म्हणून तिचा लिलाव झाला. तिला वाचविण्याचे प्रयत्न न्यायालयापर्यंत गेले, तरी अखेर ती मुंबईतच तोडण्यात आली. त्या वेळी अनेकांना वाटलेली हळहळ खरी होती. तथापि नौका टिकविणे आणि नाव टिकविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट तुलनेने कमी खर्चाची आहे, हेही मान्य करावे लागते. कोची येथे बांधलेली पहिली स्वदेशी विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी विक्रांत याच नावाने दाखल झाली. जुना आर-११ हा क्रमांक आणि ऋग्वेदातून घेतलेले ब्रीदवाक्यही तिला देण्यात आले. त्याच समारंभात नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रूस काढून शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेली अष्टकोनी आकृती स्वीकारण्यात आली.

अलीकडे संपूर्ण वर्गच्या वर्ग पुनरुज्जीवित करण्याकडे कल दिसतो. नव्या नीलगिरी वर्गात पूर्वीची सहाही 'गिरी' नावे परत आली असून महेंद्रगिरी हे सातवे नाव नव्याने जोडले आहे. यांतील जुनी विंध्यगिरी जानेवारी २०११ मध्ये मुंबई बंदरात एका व्यापारी जहाजाशी झालेल्या टकरीनंतर आग लागून बुडाली होती. नव्या विंध्यगिरीचे जलावतरण १७ ऑगस्ट २०२३ रोजी कोलकात्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्या, म्हणजे कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर व वागशीर, या सर्वांची नावे सोव्हिएत बनावटीच्या पूर्वसूरींची आहेत.

नावाबरोबर सर्वच स्मृती सुखद येतात असे नाही. मुंबईतील 'तलवार' हे रॉयल इंडियन नेव्हीचे संदेशवहन प्रशिक्षण केंद्र होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांचा उठाव तेथूनच सुरू झाला. स्वतंत्र भारताच्या नौदलात तलवार हे नाव दोन फ्रिगेटांना मिळाले आहे. शिस्त हा ज्या सेवेचा प्राण, तिने उठावाशी निगडित नाव टाकून दिले नाही, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी नोंदवून ठेवावी.

व्यक्तिनामांचा प्रश्न

अमेरिकेत विमानवाहू नौकांना राष्ट्राध्यक्षांची नावे देतात, आणि काही नावे तर व्यक्ती हयात असतानाच दिली गेली आहेत. तेथे सत्ताबदलानंतर नावावरून वाद होतात, क्वचित नाव बदललेही जाते. भारतीय नौदलाने लढाऊ नौकांना आधुनिक काळातील नेत्यांची नावे देण्याचे टाळले आहे. विक्रमादित्य हे नाव राजाचे असले, तरी ते बिरुदही आहे. राणा आणि रणजित ही नावे कोणा एकाच पुरुषाकडे निर्देश करीत नाहीत.

ऐतिहासिक पुरुषांची नावे नौदलाने किनारी तळांना दिली आहेत. नौदलाच्या परंपरेत जमिनीवरील तळही नौकाच समजला जातो आणि त्यालाही 'आयएनएस' हा उपसर्ग असतो. लोणावळ्याचे शिवाजी हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, म्हणजे ब्रिटिश काळातच, या नावाने सुरू झाले. मुंबईतील डलहौसी हा तळ १९५१ मध्ये आंग्रे झाला. कालिकतच्या सामुतिरीच्या आरमारप्रमुखांची आठवण मुंबईतीलच कुंजाली या तळाने जपली आहे. पहिल्या दोन्ही नावांचे थोर पुरुष आरमाराशी संबंधित असूनही त्यांच्या नावाची नौका समुद्रावर नाही, अशी खंत महाराष्ट्रात अधूनमधून व्यक्त होते. यावर दुसरी बाजूही आहे. नौका बुडते, आपटते, तिला आग लागते, अखेर ती भंगारात विकली जाते. वर्तमानपत्रातील तशा बातमीत थोर पुरुषाचे नाव यावे काय, हा प्रश्न सोपा नाही. तळ हलत नाही आणि निवृत्तही सहसा होत नाही. प्रस्तुत लेखकाला नौदलाची ही विभागणी विचारपूर्वक केलेली वाटते.

तटरक्षक दल हे नौदलाहून वेगळे आहे आणि त्याने वेगळी वाट धरली. जिजाबाई, ताराबाई, अहल्याबाई, ॲनी बेझंट, कनकलता बरुआ अशा स्त्रियांची नावे त्या दलाच्या गस्ती नौकांना दिली गेली आहेत.

नगरे, प्रदेश आणि भाषा

पहिली दिल्ली ही १९४८ मध्ये आलेली क्रूझर. 'अकिलीस' या मूळ नावाने ती १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत सहभागी झाली होती. दुसरी क्रूझर म्हैसूर १९५७ मध्ये आली. हीच दोन नावे पुढे १९९७ व १९९९ मध्ये माझगावच्या विनाशिकांना मिळाली आणि २००१ मध्ये मुंबई त्यांना जोडली गेली. त्यानंतर कोलकाता, कोची, चेन्नई आणि मग विशाखापट्टणम, मोर्मुगाव, इम्फाळ, सुरत अशी नावे आली. २६ डिसेंबर २०२३ रोजी दाखल झालेली इम्फाळ ही ईशान्य भारतातील शहराचे नाव मिळालेली पहिली युद्धनौका होय. स्वातंत्र्यानंतर त्यासाठी शहात्तर वर्षे लागली. ईशान्येला समुद्र नाही हे कारण पुरेसे नाही, कारण समुद्र तर दिल्लीलाही नाही.

शहरांची नावे बदलली म्हणजे नौकांचे काय होते, याला एकच उत्तर नाही. मुंबई, चेन्नई व कोलकाता ही नावे नौकांना नव्या रूपातच मिळाली. म्हैसूर शहराचे इंग्रजी रूप २०१४ मध्ये अधिकृतपणे बदलले, नौकेचे मात्र बदलले नाही. मराठी व कोकणी भाषक ज्याला मुरगाव म्हणतात, ते नौकेवर मोर्मुगाव या पोर्तुगीज वळणाच्या रूपात आहे.

नावे संस्कृतप्रचुर असल्याची टीका अधूनमधून होते. काश्मीरपासून केरळपर्यंत अर्थ लागावा, हे त्यामागील कारण असू शकते. परंतु यादी नीट वाचली तर तबर, तेग, तर्कश व खंजर हे शब्द फारसीतून आलेले, खुकरी व कोरा ही नेपाळी शस्त्रे आणि कलवरी मल्याळम असे दिसते. तर्कश म्हणजे आपला भाता.

महाराष्ट्र आणि गोव्याशी निगडित नावे

सह्याद्री, सातपुडा, गोदावरी, मुंबई व खांदेरी यांचा उल्लेख वर आला आहे. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या कॉर्व्हेटा १९७० च्या दशकात आल्या आणि अनुक्रमे २००२ व २००४ मध्ये निवृत्त झाल्या. वसईजवळील अर्नाळा या जलदुर्गाचे नाव प्रथम सोव्हिएत बनावटीच्या नौकेला होते. ते नाव घेऊन नवी पाणबुडीविरोधी नौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे दाखल झाली. हा किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात, १७३७ मध्ये, मराठ्यांच्या ताब्यात आला. अर्नाळ्याच्याच वर्गातील अंजदीप हे कारवारजवळचे, पण गोव्याच्या अखत्यारीतील बेट आहे. मोर्मुगाव या विनाशिकेची पहिली सागरी चाचणी गोवा मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, १९ डिसेंबर २०२१ रोजी, सुरू झाली आणि ती १८ डिसेंबर २०२२ रोजी नौदलात आली. मालवण हे नाव पूर्वी सुरुंगविरोधी नौकेला होते. त्याच नावाच्या नव्या नौकेचे जलावतरण ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीत झाले.

शिडाच्या नौकांमध्ये म्हादेई हे नाव महत्त्वाचे आहे. गोव्यात बांधलेली ही नौका २००९ मध्ये दाखल झाली. मांडवी नदी वरच्या भागात म्हादेई म्हणून ओळखली जाते. या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून प्राचीन पद्धतीने बांधलेली नौकाही गोव्यातच तयार झाली. मे २०२५ मध्ये कारवार येथे तिला कौंडिण्य हे नाव देण्यात आले. आग्नेय आशियात समुद्रमार्गे गेलेल्या आख्यायिकेतील नाविकाचे हे नाव असून, व्यक्तिनाम टाळण्याच्या संकेताला तो अलीकडचा अपवाद आहे.